बघू म्हणता म्हणता

लेकीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस द्यायला आमच्या घरात ‘नको’ कुणीच म्हणालं नाही. सगळे ‘बघू’ म्हणाले. नवरा म्हणाला बघू, थोरल्या जाऊबाई म्हणाल्या बघू, गावातले डॉक्टर म्हणाले, लग्नाआधी कधीतरी बघू. फेब्रुवारी 2024 ते डिसेंबर 2024 असे दहा महिने त्या एका शब्दात गेले. ‘नको’ म्हणणाऱ्याशी भांडता येतं. ‘बघू’ म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला कळत नव्हतं. आणि सुरुवातीचे काही महिने तो शब्द मलाही सोयीचा वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. पतसंस्थेत कॅशियर आहे. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. एकत्र कुटुंब आहे: सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, त्यांची मुलगी (2024 मध्ये बारा वर्षांची), आमची लेक आणि तिच्या पाठचा भाऊ. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. लेक जानेवारी 2010 ची. म्हणजे 2024 उजाडलं तेव्हा ती नुकती चौदा पूर्ण झाली होती.

आता आत्याबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय या गोष्टीला मी हातच घातला नसता.

माझी आत्या 2014 साली गेली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आमच्याकडे बायका ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, आणि तेही हळू आवाजात. पाळी जाऊन तीन-चार वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. तिला वाटलं, उष्णता आहे. धने-जिऱ्याचं पाणी प्यायली, सब्जा भिजवून खाल्ला, शेतातली कामं करत राहिली. भावांना सांगताना ‘कंबर दुखते’ एवढंच सांगितलं. वास यायला लागला तेव्हा ती स्वतःच ओसरीवर झोपायला गेली आणि उशाशी ऊद जाळायला लागली. दवाखान्यात नेलं तोवर आजार मूत्राशयापर्यंत पोचला होता. लाईट दिली, म्हणजे रेडिएशन. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. शेवटचे पंधरा दिवस मी तिच्यापाशी होते. एका रात्री तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “पोरी, कुठला आजार झालाय ते गावात सांगू नका.” आम्ही नाही सांगितलं. तिची मुलं अजूनही लोकांना ‘पोटाचा कॅन्सर होता’ असंच सांगतात.

1 फेब्रुवारी 2024 ला अंतरिम अर्थसंकल्प होता. पतसंस्थेतला टीव्ही सुरू होता, सगळे कराचं काय होतंय ते ऐकत होते. अर्थमंत्र्यांच्या भाषणात एक वाक्य आलं: 9 ते 14 वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधक लसीसाठी सरकार प्रोत्साहन देईल. मी नोटा मोजत होते, मोजणी चुकली. अशी लस आहे हेच मला माहीत नव्हतं. भारतात ती 2008 पासून मिळत होती. म्हणजे आत्याच्या आजाराच्या आधीपासून. आत्याला तिचा उपयोग झाला नसता, तिचं वय गेलं होतं. पण तिच्या मुलीला झाला असता. आम्ही दवाखान्यात एवढे हेलपाटे घातले, तिथं कुणीही, एकाही माणसानं, ‘घरात लहान मुली आहेत का?’ असं विचारलं नाही. मला आजही याचा राग येतो.

घरी येऊन मोबाईलवर वाचत बसले. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून जास्त बायका त्यानं मरतात. जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हा संबंध दाखवून देणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाला, हाराल्ड त्सूर हाउसेन यांना, 2008 चं नोबेल मिळालं. विषाणूचे प्रकार शेकड्यांनी आहेत, पण त्यातले 16 आणि 18 नंबरचे दोन प्रकारच सत्तर टक्के कर्करोगांना कारण असतात. लस मुख्यतः त्यांच्यावर आहे. आणि त्याखाली ते वाक्य होतं, जे वाचून मी मोबाईल पालथा ठेवला: हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो.

मोबाईल पालथा ठेवला, कारण लेक शेजारी अभ्यास करत होती. मला वाटतं, माझ्याकडून झालेला उशीर तिथं सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “किती पैसे?” मला माहीत नव्हतं. गावात आमच्या मुलांना लहानपणापासून बघणारे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेले. ते चांगले आहेत, रात्री-अपरात्री दार उघडतात. पण म्हणाले, “आहे ती लस. मी ठेवत नाही. कुणी मागत नाही, आणि दोन ते आठ डिग्रीत सांभाळावी लागते. इथं लाईटचा भरवसा नाही. हजारो रुपयांचा माल फ्रिजमध्ये मरून जातो.” मी विचारलं, “पण द्यावी का?” ते पुढच्या पेशंटकडे बघत म्हणाले, “चांगली आहे. घाई काही नाही. लग्नाच्या आधी बघू.”

डॉक्टरांचा तो ‘बघू’ आमच्या घरात सगळ्यात महागात पडला. नंतर जो विषय काढला तो तिथंच अडखळला: डॉक्टरच म्हणतात ना घाई नाही. मला नंतर कळलं की घाई होती. पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत पहिला डोस झाला तर दोन डोस पुरतात. त्यानंतर आपल्याकडे तीन सांगतात. लहान वयात शरीर जास्त जोरानं प्रतिसाद देतं, म्हणून. आणि विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तरच लस पूर्ण कामाची. डॉक्टरांनी दोन मिनिटं काढून एवढं सांगितलं असतं, तर आमचे कितीतरी महिने वाचले असते. लसीला लोक घाबरतात, अफवा पसरवतात, असं आपण म्हणतो. माझ्या अनुभवात अफवेपेक्षा डॉक्टरांचं सहज बोललेलं अर्धं वाक्य जास्त जड होतं.

किंमत समजली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी 2023 मध्ये बाजारात आली, तिचा एक डोस दोन हजार रुपयांना सांगितला. परदेशी, नऊ प्रकारांवरची लस एका डोसला दहा हजारांच्या वर. आमच्या घराला चार हजार जड नाहीत असं नाही, पण अशक्यही नाहीत. दिवाळीला आम्ही तेवढे खर्च करतो. तरी नवरा म्हणाला, “सरकार फुकट देणार म्हणतंय ना? थांबू की.” हे मला पटलंही. 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची लस शाळेतच दिली होती, लेक तेव्हा तिसरीत होती. तशी हीही शाळेत येईल, एवढं म्हणून मी थांबले. जून आला, शाळा भरली, लेक नववीत गेली. कुणी आलं नाही. आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आम्हाला काही सूचना नाही ताई. आली की पहिल्या तुमच्याकडे येते.” त्यांचा काय दोष!

जुलैमध्ये नवऱ्यानं मला मोबाईल दाखवला. त्याच्या मित्रांच्या गटात मजकूर फिरत होता: या लसीनं आंध्रात आणि गुजरातेत सात मुली मेल्या, सरकारनं दाबून टाकलं. तो घाबरलेला दिसला. विरोध वगैरे काही नव्हता, नुसती भीती. म्हणाला, “एकुलती एक पोरगी आहे.”

त्या मजकुराला मी खोटं म्हणून झटकलं असतं तर मीच चुकले असते. सात मुली खरंच गेल्या होत्या. 2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात मिळून वीस हजारांच्या वर मुलींना एका प्रकल्पात ही लस दिली होती. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल 2010 मध्ये तो थांबवला. चौकशी झाली. एक मुलगी खाणीतल्या पाण्यात बुडाली होती, एकीला साप चावला होता, दोघींनी कीटकनाशक प्यायलं होतं, एक मलेरियानं गेली होती. उरलेल्या दोघींचं कारण तेवढं स्पष्ट नव्हतं, पण लसीशी संबंध दिसला नाही. मात्र त्याच चौकशीत दुसरी गोष्ट उघडी पडली. आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वॉर्डननं सह्या केल्या होत्या, आणि त्याही एकदोन नव्हे, अडीच हजारांहून जास्त. 2013 मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक शब्दांत अहवाल दिला.

मी हे सगळं नवऱ्याला दुकानात बसून वाचून दाखवलं. तो बराच वेळ तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे लस बरी होती, माणसं वाईट वागली.” मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. त्या मुलींच्या आईबापांना कुणी समोर बसवून विचारलं असतं, तर कदाचित लस आपल्याकडे बारा-चौदा वर्षं आधीच शाळांमध्ये पोचली असती. विचारण्याची टाळाटाळ केली, आणि किंमत पुढच्या मुलींनी मोजली. 2018 मध्ये सिक्कीमनं शाळांतून मोहीम घेतली, नऊ ते तेरा वर्षांच्या जवळपास पंचवीस हजार मुलींना लस दिली, आईबापांशी आधी बोलून. पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास मुलींनी घेतली. म्हणजे आपल्याच देशात, विचारलं तर लोक हो म्हणतात.

नवऱ्याची भीती कमी झाली. पण आता तो म्हणाला, “अक्कांशी बोल. एकीला द्यायची आणि एकीला नाही, असं बरं दिसत नाही.” एकत्र घरात हे असंच असतं आणि मला त्यात वावगं वाटत नाही.

अक्का हुशार बाई आहेत. बचत गटाचा हिशेब त्यांच्याकडे असतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग दार लोटून म्हणाल्या, “तू म्हणतेस ते खरं असेल. पण लोकांना कळलं तर काय विचारतील? हिला असली लस का दिली? काही भानगड होती का? उद्या सोयरीक जुळवताना कुणी बोललं तर तोंड कुणी धरायचं?” आणि मग, अजून खालच्या आवाजात: “पुढं लेकरू व्हायला अडचण नाही ना येत?”

मूल होण्याला या लसीनं अडचण येत नाही. जगभर कोट्यवधी मुलींना ती दिली गेली आहे, ऑस्ट्रेलियात तर 2007 पासून शाळेत देतात. त्या मुलींना आता स्वतःची मुलं आहेत. उलट हा आजार झाला तर पिशवीच काढायची वेळ येऊ शकते. हे मी अक्कांना सांगितलं आणि ते त्यांना पटलं. सोयरिकीच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न त्यांनी काही कुठून उगीच काढला नव्हता. आमच्या शेजारच्या गल्लीत एका मुलीचं ठरलेलं लग्न ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना दिसली म्हणून मोडलं. तिला फक्त पाळीचा त्रास होता. अक्का म्हणाल्या, “बघू पुढच्या वर्षी.” पैसे मी देते म्हणाले, तर भाऊजींना ते आवडलं नाही. माझंच चुकलं, तसं बोलायला नको होतं.

ऑगस्टमध्ये शाळेत पालकसभा होती. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, एखाद्या डॉक्टरबाईंना बोलवून मुलींच्या आयांना माहिती देऊ या. ते म्हणाले, “विषय नाजूक आहे. पालक भांडायला येतील.” मी म्हटलं, मीही पालकच आहे. ते ओशाळले, पण बोलावणं काही गेलं नाही.

आता उरली होती मी. या सगळ्या महिन्यांत मी नवऱ्याशी बोलले, अक्कांशी बोलले, मुख्याध्यापकांशी बोलले. जिच्या दंडात सुई जाणार होती तिच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. माझा बेत होता की ‘धनुर्वातासारखं एक इंजेक्शन आहे’ म्हणून न्यायचं आणि टोचून आणायचं. खम्ममचं वाचल्यावर तो बेत माझ्या तोंडाला कडू लागायला लागला. वॉर्डननं जे केलं तेच मी करणार होते, फक्त आई म्हणून.

नवरात्रात एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिला सांगितलं. आधी आत्याचं. तिला आत्याआजी आठवत होती, ऊदाचा वास आठवत होता. मग विषाणूचं. मग कसा पसरतो ते. मी ‘लग्नानंतर नवरा-बायकोत’ असं म्हटलं. तिनं मान वर करून विचारलं, “म्हणजे सेक्समधून?” मी हो म्हटलं. माझे कान तापले होते. ती शांत होती. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, तो तिनं आधीच वाचून ठेवला होता. तिचे प्रश्न मला कुणीच न विचारलेले होते. “नवऱ्याकडून येत असेल तर मग मुलांना का नाही देत?” मी सांगितलं, मुलांनाही देतात, त्यांनाही त्यापासून घशाचे आणि इतर काही कर्करोग होतात, ऑस्ट्रेलियात 2013 पासून मुलांना शाळेत मिळते. “मग आपल्या बाळूला?” तेव्हा मात्र पैशांचं खरं कारण सांगावं लागलं. आधी तू. त्याचं नंतर. ती म्हणाली, “आत्याआजीनं आधी सांगितलं असतं तर?” मी म्हटलं, तर कदाचित वाचली असती. हा आजार हळू चालतो, पंधरा-वीस वर्षं घेतो, मधे तपासणी केली तर सापडतो.

“मग तुझी झालीय तपासणी?”

नव्हती झाली. माझं वय तेव्हा अडतीस. तिशीनंतर ती करायला हवी हे मी वाचलं होतं, आणि आत्याला जवळून बघितलं होतं, तरी नव्हती झाली. लेकीसमोर मला खोटं बोलता आलं नाही.

मुलांना एकदा एखादा शब्द सापडला की तो घरभर होतो. दिवाळीनंतरच्या एका रात्री सगळे जेवत होतो आणि लेक सरळ सासूबाईंना म्हणाली, “आजी, तुझी कधी पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली होती का गं?” भाऊजी ताटावर होते. नवरा होता. अक्कांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मला वाटलं, आता सासूबाई चिडतील.

सासूबाईंनी कालवणात भाकरी चुरली आणि म्हणाल्या, “झालती की.”

मग त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. “किल्लारीचा भूकंप झाल्यावर सात-आठ वर्सांनी. बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्याच्या बाया गावात आलत्या. घरोघर फिरून नावं घेतली. शाळंत पडदा लावून तपासलं. लाजून लाजून मेले मी, पर गेले. पुढं मला परत बोलावणं आलं. म्हनल्या, पिशवीच्या तोंडाला डाग हाय, आत्ता काढला तर पुढं काय न्हाई. बार्शीला नेलं. गार गार कायतरी लावलं. संध्याकाळी घरी.” भाऊजींनी विचारलं, “आम्हाला कसं माहीत नाही?” त्या म्हणाल्या, “तुमच्या बापालासुदिक म्हाईत न्हवतं. बार्शीच्या भगवंताच्या देवळात दर्शनाला जाते म्हनून गेलते.”

तेवीस वर्षं ही बाई हे पोटात घेऊन आमच्यात वावरत होती. सासरे जाऊनही सहा वर्षं झाली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाचत बसले तेव्हा कळलं की सासूबाई कशाचा भाग होत्या. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी एक मोठा अभ्यास केला होता. गावांचे 52 समूह, तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका. काही गावांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी बघायची, आणि काही गावांत फक्त माहिती दिली. 2009 मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या आजारानं 34 बायका गेल्या होत्या. तपासणी न झालेल्या गटात 64, आणि तो गट संख्येनं थोडा लहानही होता. तपासणीच्या जगभरच्या सल्ल्यांमागे जे पुरावे आहेत, त्यांत आमच्या जिल्ह्यातल्या या बायका आहेत. सासूबाईंचं गाव तपासणीच्या वाट्याला आलं होतं. ज्या गावांच्या वाट्याला नुसती माहिती आली, तिथल्या बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांच्यातही कुणाच्या पिशवीला तसाच डाग असेल.

आणखी एक सापडलं. 2009 मध्येच लसीचाही एक अभ्यास देशातल्या नऊ ठिकाणी सुरू झाला होता. बार्शी, पुणे आणि मुंबई त्यात होती. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघायचं होतं. खम्ममच्या गदारोळात सरकारनं सगळंच थांबवलं, तेव्हा सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, दहा वर्षं त्यांच्या मागावर राहिले. 16 आणि 18 नंबरच्या विषाणूचा टिकून राहणारा संसर्ग रोखायला एकच डोसही तेवढाच कामाला आला, हे 2021 मध्ये त्यातून दिसलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वीस वर्षांपर्यंतच्या मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे या मुलीही आहेत.

त्या जेवणानंतर घरात कुणी चर्चा केली नाही. सकाळी सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, “बार्शीला कधी जायाचं ते सांग. मी बी येते.” एवढंच. ‘बघू’ म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

डिसेंबरात, लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाला पाच आठवडे असताना, आम्ही तिघी एसटीनं बार्शीला गेलो. एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे फोन करून लस मागवून ठेवली होती. त्यांनी आम्हाला वीस मिनिटं दिली. सासूबाईंनी विचारलं, “यात त्यो रोग घालतात का?” बाई म्हणाल्या, “शेंगेचं टरफल असतं ना आजी, आतला दाणा काढलेलं, तसं. विषाणूचं नुसतं टरफल आहे. शरीर त्याला ओळखून ठेवतं. दाणाच नाही, तर उगवणार काय?” मी विचारलं, पाळी सुरू असताना चालते का. चालते म्हणाल्या. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही, कारण सगळे प्रकार लसीत नाहीत, हेही त्यांनी लेकीकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही. मग माझ्याकडे वळून, “तुमची झाली का?”

सुई दंडात. लेकीनं डोळे मिटले, उघडले, झालं. पंधरा मिनिटं बसून राहा म्हणाल्या. सात-आठ मिनिटांनी ती म्हणाली, “आई, कसंतरी होतंय,” आणि पांढरीफटक पडली. माझं काळीज तोंडाशी आलं. नर्सनं तिला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. या वयाच्या मुलींना कुठल्याही सुईनं अशी चक्कर येते, म्हणून तर बसवून ठेवतात. पहाटे घाईत ती काही न खाता निघाली होती. थोड्या वेळानं बिस्किटं खाल्ली आणि ठीक झाली. रात्रीपर्यंत दंड दुखत होता, दुसऱ्या दिवशी कबड्डीला गेली.

चक्कर आल्याचं घरी सांगायचं की नाही, यावर परतीच्या एसटीत मी फार वेळ विचार केला. अक्कांना हे ऐकवलं तर त्यांच्या लेकीचं कायमचं राहील, असं वाटत होतं. पण लपवलं तर माझ्यात आणि इतकी वर्षं लपवणाऱ्यांत फरक काय राहिला? घरी गेल्यावर सगळं सांगितलं, उपाशी नेलं हेही. अक्का म्हणाल्या, “खाऊ घालून न्यायचं की गं.” त्यांच्या आवाजात काळजी होती.

जानेवारीत मी सरकारी दवाखान्यात माझी तपासणी करून घेतली. पाच मिनिटं लागली, पैसे लागले नाहीत. सगळं नीट निघालं. बाहेरच्या बाकावर मी एकटीच होते, आणि सिस्टर म्हणाल्या की दिवसाला दोन-तीनच बायका येतात.

दुसरा डोस जून 2025 मध्ये झाला. या वेळी अक्कांनी त्यांच्या लेकीला आमच्याबरोबर पाठवलं, “सोबत म्हणून.” ती आत उभी राहून सगळं टक लावून बघत होती. तिनं बाईंना विचारलं, “एकाच डोसचं बारा-तेरा वर्षांच्या मुलीला चालतं का?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. माझ्या लेकीनं शिकवलं होतं. संध्याकाळी सासूबाईंना भगवंताला जायचं होतं, तिथं बराच वेळ गेला, शेवटची गाडी कशीबशी मिळाली.

अक्कांनी अजून हो म्हटलेलं नाही. पुतणी फेब्रुवारीत तेरा पूर्ण झाली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अक्कांनी दुधाच्या हिशेबाखाली बारीक अक्षरात बार्शीच्या बाईंचा नंबर लिहिलेला मी पाहिला. मी काही बोलले नाही. दर महिन्याला पान उलटताना तो नंबर नव्या पानावर त्या स्वतःच उतरवून घेतात.